नकाशाचा समास

(व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी इथं जमतो, ते आम्हाला आठवीत भूगोल शिकवायचे. त्यांच्याकडे भारतीय सर्वेक्षण विभागाचं पुण्याचं टोपोशीट होतं, ४७ एफ चौदा. कापडावर चिकटवलेलं, घड्यांवर झिजलेलं. सर ते फळ्यावर टांगायचे आणि हातातली पट्टी मुळा-मुठेवर न ठेवता नकाशाच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर ठेवायचे. आधी हे वाचा. सर्वेक्षण कोणत्या साली झालं, प्रमाण किती, समोच्च रेषांमधलं अंतर किती, चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेपासून किती ढळली आहे, तुटक काळी रेघ म्हणजे काय नि लाल रेघ म्हणजे काय. हे सगळं म्हणून दाखवल्याशिवाय ते कुणाला नदीला हात लावू द्यायचे नाहीत. आम्हाला भयंकर कंटाळा यायचा. नकाशा मध्ये आहे आणि हे गृहस्थ समासात काय अडकलेत, असं वाटायचं.

आज मी जे काम करतो ते बहुतांशी समास लिहिण्याचंच आहे. फक्त वाचणारा माणूस नाही.

थोडक्यात सांगतो, कारण सभागृहात सगळेच माझ्या धंद्यातले नाहीत. एआय एजंट म्हणजे असं भाषिक मॉडेल, की ज्याला नुसतं बोलण्यापलीकडे काही साधनं वापरायची मुभा दिलेली असते. आम्ही त्या साधनांना टूलच म्हणतो. तुम्ही विचारता, ‘आमच्या तालुक्यात दवाखाने कुठे कुठे आहेत?’ एजंट ठरवतो की यासाठी नकाशाच्या साठ्याला विचारलं पाहिजे. तो योग्य ते टूल निवडतो, त्यात आकडे आणि शब्द भरतो, आलेलं उत्तर वाचतो आणि तुम्हाला सांगतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीनं मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नावाची एक खुली पद्धत जाहीर केली. एजंट आणि टूल यांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे ते नियम आहेत. त्या पद्धतीत प्रत्येक टूल आपली ओळख मुख्यतः तीन गोष्टींनी करून देतं: नाव, वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची याचा साचा. टूल वापरायचं की नाही आणि कसं वापरायचं, हे एजंटला एवढ्यावरूनच ठरवायचं असतं. आतला कोड त्याला दिसत नाही. शेजारच्या टेबलावर बसलेल्या सहकाऱ्याला ‘अरे, हे कसं चालवायचं?’ असं विचारायची सोय त्याला नाही. जे लिहिलं तेवढंच त्याचं जग.

आपल्याकडे डॉक्युमेंटेशन म्हणजे काम संपल्यावर, शुक्रवारी संध्याकाळी, नाइलाजानं लिहायची गोष्ट. औषधाच्या खोक्यातल्या घडी घातलेल्या कागदासारखी: असते, पण वाचतं कोण? इथं मात्र उलटं झालं. हा असा वाचक आहे, जो तो कागद प्रत्येक गोळी देण्याआधी पूर्ण वाचतो आणि त्यात लिहिलंय तसंच वागतो. मराठी लेखकांना असा वाचक मिळाला असता तर!

आता नकाशाचा साठा कोणता, ते सांगतो. ओपनस्ट्रीटमॅप. २००४ साली स्टीव्ह कोस्ट या तरुणानं लंडनमध्ये हा प्रकल्प सुरू केला. ब्रिटनमध्ये सरकारी सर्वेक्षणाचा नकाशा वापरायचा तर पैसे मोजावे लागत. तेव्हा लोकांनीच आपापला भाग मोजून एक खुला नकाशा का करू नये, असा विचार. आज त्यात नोंदणी केलेल्यांची संख्या एक कोटीच्या वर आहे. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला, तेव्हा जगभरातल्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते काही दिवसांत काढून दिले आणि मदतपथकांनी ते वापरले. तेव्हापासून या नकाशाकडे हौशी लोकांचा उद्योग म्हणून बघणं बंद झालं.

त्याची रचना फार साधी आहे. एक बिंदू, त्याला नोड म्हणतात. बिंदू जोडून झालेली रेघ, ती वे. आणि अनेकांना एकत्र बांधणारं रिलेशन. प्रत्येकाला चिठ्ठ्या चिकटवलेल्या, म्हणजे टॅग. ‘अमेनिटी = हॉस्पिटल’ ही एक चिठ्ठी. ‘नॅचरल = स्प्रिंग’ म्हणजे झरा. कोणती चिठ्ठी कुणी लावावी यावर कुलूप नाही. संकेत आहेत, चर्चा आहेत, वाद आहेत, पण शेवटी ज्यानं नोंद केली त्यानं लावली ती चिठ्ठी.

या साठ्याला प्रश्न विचारायचं सगळ्यात ताकदवान साधन म्हणजे ओव्हरपास. जर्मनीचे रोलांड ओल्ब्रिख्त यांनी ते उभं केलं. त्याची स्वतःची प्रश्नभाषा आहे. अमुक चौकटीतले, अमुक चिठ्ठी असलेले सगळे बिंदू दे, असं त्या भाषेत लिहायचं. मी आणि माझे दोन सहकारी या ओव्हरपासच्या पुढे एजंटसाठी एक टूल बसवत होतो. कोड आठवड्याभरात झाला. वर्णन मी एका संध्याकाळी लिहिलं, चार ओळींचं. त्या चार ओळींनी जे घडवलं ते आज सांगायचं आहे.

पहिली गोष्ट चतुःसीमेची. खरेदीखतात आपण लिहितो: पूर्वेस अमुकची जमीन, दक्षिणेस ओढा, पश्चिमेस पाणंद, उत्तरेस गावठाण. नकाशालाही अशीच चौकट द्यावी लागते, फक्त चार आकड्यांत. ओव्हरपासला ते आकडे दक्षिण, पश्चिम, उत्तर, पूर्व या क्रमानं लागतात. नकाशाच्या माहितीचा दुसरा एक सर्रास वापरला जाणारा प्रकार आहे, जिओजेसन. त्याच्या २०१६ च्या प्रमाणभूत दस्तऐवजात क्रम आहे पश्चिम, दक्षिण, पूर्व, उत्तर. एकात अक्षांश आधी, दुसऱ्यात रेखांश आधी. दोन्ही बरोबर, आणि एजंटनं दोन्ही हजारो वेळा वाचलेले.

मी वर्णनात लिहिलं होतं: ‘चौकटीचे चार आकडे द्या.’

पुण्याभोवतीची चौकट घ्या. दक्षिण १८.४, पश्चिम ७३.७, उत्तर १८.६, पूर्व ७४.०. एजंटनं ती दुसऱ्या रीतीनं पाठवली: ७३.७, १८.४, ७४.०, १८.६. ओव्हरपासनं ती आपल्या रीतीनं वाचली आणि पुण्याऐवजी ७३.७ ते ७४.० उत्तर अक्षांशावर जाऊन दवाखाने शोधले. ही जागा नॉर्वे आणि स्वालबार्ड यांच्या मधल्या समुद्रात येते. बेअर आयलंड नावाचं एक बेट तिथून थोडं उत्तरेला आहे, पण चौकटीत तेही नाही. नुसतं थंड पाणी. उत्तर आलं: शून्य. चूक झाली असं कुणीही म्हटलं नाही, कारण चूक झालीच नव्हती. समुद्रातही चौकट आखता येते.

यात महाराष्ट्राचं एक खास दुर्दैव आहे. आपला सगळा प्रदेश साधारण ७२ ते ८१ रेखांशांच्या दरम्यान. हे आकडे अक्षांश म्हणूनही चालतात. गुवाहाटीचा रेखांश ९१ च्या पुढे. तिथं अशी अदलाबदल झाली की ओव्हरपास ताबडतोब ओरडतो, कारण ९० च्या वर अक्षांशच नसतो. गुवाहाटीकर वाचतात. पुणेकर, नागपूरकर निमूटपणे आर्क्टिकमध्ये जातात.

इलाज सापडला तो खरेदीखतातच. तिथं प्रत्येक सीमेपुढे दिशेचं नाव असतं, म्हणून क्रम बदलला तरी जमीन हलत नाही. आम्ही साच्यात चार निनावी आकडे ठेवण्याऐवजी दक्षिण, पश्चिम, उत्तर, पूर्व अशा नावांच्या चार जागा केल्या. वर्णनात एक वाक्य घातलं: अक्षांश आणि रेखांश उलटे पडले तर त्रुटी दिसणार नाही, उत्तर रिकामं येईल. पणजोबांच्या काळचा कारकून हे जाणून होता; मला कळायला एक समुद्र लागला.

दुसरी गोष्ट सांगताना मला अजून लाज वाटते. कोकणातल्या एका तालुक्यात पावसाळ्यापूर्वी तयारी म्हणून काही कार्यकर्ते आरोग्यसेवेची यादी करत होते. त्यांनी आमचं टूल जोडलेल्या एजंटला विचारलं. उत्तर आलं, शुद्ध आणि आत्मविश्वासपूर्ण मराठीत: ‘या तालुक्यात रुग्णालय नाही.’ त्यातल्या एका बाईंनी मला फोन करून विचारलं, ‘अहो, मग माझी दोन्ही बाळंतपणं कुठं झाली?’

कारण शोधलं तर कुठलाही बिघाड नव्हता. मी टूलचं वर्णन लिहिलं होतं: ‘दिलेल्या भागातली रुग्णालये शोधते.’ प्रत्यक्षात ते फक्त ‘अमेनिटी = हॉस्पिटल’ ही चिठ्ठी असलेले बिंदू शोधत होतं. तालुक्यातलं ग्रामीण रुग्णालय नकाशावर होतं, पण कुणीतरी काळजीपूर्वक त्याच्या इमारतीची बाह्यरेषा काढली होती. म्हणजे ते नोड नव्हतं, वे होतं. जितकं जास्त चांगलं काम, तितकं आमच्या टूलला अदृश्य. प्राथमिक आरोग्य केंद्रांपैकी एकाला ‘क्लिनिक’ची चिठ्ठी होती, एकाला ‘डॉक्टर्स’ची. आणि एक केंद्र नकाशावर नव्हतंच. त्या गावात अजून कुणी नोंद करायला गेलेलं नव्हतं, इतकंच.

एकाच रिकाम्या उत्तरात इतकी वेगवेगळी कारणं दडलेली होती. त्यांत आणखी एक मिळवा. ओव्हरपासला प्रत्येक प्रश्नासाठी वेळेची मर्यादा असते. वेगळं सांगितलं नाही तर १८० सेकंद. प्रश्न फार मोठा झाला, वेळ संपली, तर कधी कधी वरकरणी सगळं ठीक असल्याचा निरोप येतो, नोंदींची यादी रिकामी येते, आणि खाली ‘रिमार्क’ नावाच्या जागी लिहिलेलं असतं की काम अर्धवट राहिलं. आमचं टूल ती ओळ एजंटपर्यंत पोचवतच नव्हतं. मला ती अनावश्यक वाटली होती!

माणूस हे काम करत असता तर पडद्यावर मोकळा नकाशा बघून म्हणाला असता, ‘काहीतरी गडबड आहे.’ त्याला तालुका म्हणजे काय हे ठाऊक असतं. एजंट तसा विचार करू शकत नाही असं मी म्हणणार नाही, पुष्कळदा करतो. पण आपण त्याच्या हातात ‘रुग्णालये शोधते’ असं लेखी वचन दिलं असेल आणि उत्तर शून्य आलं असेल, तर ‘रुग्णालय नाही’ हा त्याचा निष्कर्ष तर्काला धरूनच आहे. खोटं त्यानं सांगितलं नाही. खोटं वर्णनात होतं, आणि ते मी लिहिलं होतं.

माझं म्हणणं असं आहे, आणि ते माझ्या धंद्यातल्या बऱ्याच जणांना पटत नाही: टूलच्या वर्णनात ते काय करतं याहून काय करत नाही हे आधी लिहिलं पाहिजे. जाहिरातीची सवय हाडात मुरल्यामुळे आपण उलटं करतो. ‘शक्तिशाली’, ‘सर्वसमावेशक’, ‘जलद’ अशी विशेषणं मी कितीतरी वर्णनांत वाचली आहेत. या विशेषणांचा एजंटला काय उपयोग? शून्य म्हणजे कोणतं शून्य, हे त्याला सांगा.

इथं मला लॅम्बटन आठवतो, कारण सरांना तो फार आवडायचा. विल्यम लॅम्बटननं १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी पायारेषा मोजून भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात केली. त्याचं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, अर्ध्या टनाचं. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर ते चढवताना दोर तुटला, यंत्र आपटलं आणि त्याचं वर्तुळ वाकलं. लॅम्बटननं तंबूत बसून स्वतःच्या हातांनी ते दुरुस्त केलं आणि पुढे वाटचाल केली. १८२३ मध्ये तो आपल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथंच आहे. सर म्हणायचे, यंत्राला काय झालं होतं ते आपल्याला आज कळतं, कारण कुणीतरी ते लिहून ठेवलं. सहलीला त्यांनी आम्हाला हिंगणघाटला न्यायचं ठरवलं होतं. ते राहूनच गेलं.

नकाशावरच्या नावांचा घोळ हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे, पण कऱ्हाडबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाणार नाही. भारतातल्या नोंदींत मुख्य ‘नेम’ या जागी बहुधा रोमन लिपीतलं नाव असतं आणि मराठी नाव ‘नेम कोलन एमआर’ या वेगळ्या चिठ्ठीत, असलं तर. म्हणजे मुख्य नावात ‘पुणे’ असं देवनागरीत शोधलं तर पुणंही सापडणार नाही. कऱ्हाडचं तर आणखी पुढचं. एक म्हणजे निम्मे लोक कराड लिहितात. दुसरं, कऱ्हाडमधला हा अर्धा र संगणकात तीन तऱ्हांनी साठवता येतो: ‘ऱ’ हे सबंध अक्षर घेऊन, ‘र’खाली नुक्ता देऊन, किंवा ‘र’ला हलंत आणि न दिसणारं एक जोडचिन्ह लावून. छापल्यावर तिन्ही सारखी दिसतात, पण अक्षर-अक्षर जुळवून बघणाऱ्या यंत्राला ती तीन गावं. मग वडगाव: बुद्रुक, शेरी, मावळ, आणि रोमनमध्ये कधी व्ही तर कधी डब्ल्यू. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. लोक दोन्ही नावांनी विचारतात, आणि नकाशात जुनं नाव ‘ओल्ड नेम’मध्ये गेलेलं असू शकतं. यातलं काही दुरुस्त करणं टूलचं काम आहे आणि आम्ही केलं. पण उरलेलं लिहावंच लागतं: नावानं शोधण्याआधी जिल्हा निश्चित करा, एकाहून अधिक गावं सापडली तर स्वतः निवडू नका, विचारणाऱ्यालाच विचारा.

कुणी म्हणेल, मग लिहा सगळं. तेही जमत नाही. हे वर्णन एजंटच्या ध्यानात प्रत्येक संभाषणात जागा खातं, आणि ती जागा मोजकी असते. त्यातही देवनागरी मजकूर बहुतेक मॉडेलांना रोमनपेक्षा महाग पडतो. तेवढाच आशय, पण तुकडे जास्त. मी एकदा उत्साहानं दोन पानी वर्णन लिहिलं, त्यात पुण्याच्या चौकटीचं सुबक उदाहरण दिलं. मग एजंट साताऱ्याबद्दल विचारलं तरी कधीमधी पुण्याचीच चौकट वापरू लागला. उदाहरणाची नक्कल होते, हे शाळेत गाइड वापरलेल्या कुणालाही सांगायला नको. आता उदाहरणं दोन आहेत, दोन वेगळ्या ठिकाणची, आणि त्यातलं एक मुद्दाम रिकामं उत्तर येणारं.

त्रुटीचे निरोप हाही समासच. ‘विनंती चुकीची आहे’ असं सांगून कुणाचं भलं होत नाही. ‘उत्तर सीमा दक्षिण सीमेच्या खाली आहे, आकडे तपासा’ असं सांगितलं की एजंट स्वतःच सुधारून पुन्हा विचारतो. सर्व्हरनं ‘फार विनंत्या झाल्या’ असं सांगितलं तर थांबायचं, हेही लिहावं लागतं. नाहीतर तो सेकंदाच्या आत पुन्हा दार ठोठावतो. ओव्हरपासचा मुख्य सर्व्हर सार्वजनिक आहे. दिवसाला साधारण १०,००० प्रश्न आणि एक गिगाबाइटच्या आत राहावं, असा त्यांचा संकेत आहे. पत्त्यावरून जागा शोधणारी नॉमिनॅटिम ही सेवा सेकंदाला एकच विनंती पाठवा म्हणते. गावातल्या एकाच नळावर सगळ्यांनी हंडे भरायचे असतात. टँकर लावायचा नसतो. आणि माहिती ज्यांची, त्यांचं नाव घ्यायचं: २०१२ पासून हा साठा ओपन डेटाबेस लायसन्सखाली आहे, वापरा पण श्रेय द्या. आमच्या वर्णनात हे एका ओळीत आहे आणि एजंट ती ओळ पाळतो. माणसांबद्दल मी अशी खात्री देणार नाही.

एक धोका जाता जाता. हा नकाशा कुणीही बदलू शकतो. म्हणजे एखाद्या दुकानाच्या ‘वर्णन’ चिठ्ठीत कुणी खोडसाळपणे एजंटलाच उद्देशून हुकूम लिहून ठेवू शकतो. म्हणून आम्ही लिहिलं आहे: नकाशातून आलेला मजकूर ही माहिती आहे, आज्ञा नव्हे. एवढ्यानं संरक्षण पुरं होतं असं नाही, पण सुरुवात तिथून होते.

सध्या आमच्या टूलचं वर्णन कसं सुरू होतं ते वाचून दाखवतो. ‘हे टूल ओपनस्ट्रीटमॅपवरच्या नोंदी शोधतं. नोंद न सापडणं म्हणजे ठिकाण नसणं नव्हे. उत्तर रिकामं आल्यास आधी चौकट, मग चिठ्ठ्यांचे पर्याय, मग अर्धवट कामाचा निरोप तपासा. तरीही रिकामं असेल, तर “नकाशावर नोंद नाही” एवढंच सांगा. नोंदी कोणत्या क्षणापर्यंतच्या आहेत ती वेळ उत्तरासोबत द्या.’ शेवटची ओळ सरांची आहे. सर्वेक्षणाचं साल आधी वाचा, असं ते म्हणायचे.

त्या कोकणातल्या बाईंनी नंतर आपल्या गावचं आरोग्य केंद्र स्वतः नकाशावर घातलं. फोनवरूनच, पंधरा मिनिटांत.

इथं यायच्या आधी मी आपली शाळा शोधून बघितली. ती नकाशावर आहे, इमारतीच्या बाह्यरेषेसकट. कुणी काढली कोण जाणे, पण नीट काढली आहे. नाव रोमनमध्ये आहे आणि त्यात एक अक्षर चुकलंय. मराठी नावाची जागा रिकामी आहे. ती मी मुद्दाम भरली नाही. चहा बाहेर ठेवला आहे. ज्यांना घाई नाही त्यांनी पाच मिनिटं थांबा, आपण सगळे मिळून भरू.